आधी ‘दऱ्या’, मग दिवाळी अंक

नमस्कार,

काकांच्या छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षर-संकेतांत) आणण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी एक छोटा कन्व्हर्टर लिहिला आणि त्याचा कोड खुला केला. आज तो डीटीपीवाले, साप्ताहिकं, वाचनालयं असे बरेच जण वापरतात. सांभाळणारे मात्र दोघेच, मी आणि एक मित्र. दोघेही दिवसभर नोकरीत. उघड्या तक्रारी दोनशेच्या वर गेल्यात. एक गृहस्थ रोज रात्री फोन करतात: मोठी फाइल टाकली की प्रोग्रॅम बंद पडतो, दिवाळी अंक अडलाय. डार्क मोडच्या मागणीला सगळ्यांत जास्त अंगठे पडलेत. मागच्या रिलीजपासून (आवृत्तीपासून) वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुराचे परिच्छेद एकमेकांना चिकटतात. कुणीतरी सहा पानी इंग्रजी रिपोर्ट पाठवून ‘अतिगंभीर सुरक्षा त्रुटी’ असल्याचं कळवलंय. आणि एका गावच्या वाचनालयातून बऱ्याच महिन्यांपूर्वी आलेली दोन ओळींची नोंद तशीच पडून आहे: ‘काही ठिकाणी दऱ्या या शब्दाचं दर्या होतं. सवडीने बघावं.’ मित्र म्हणतो, सहा महिन्यांपेक्षा जुनं सगळं एकदम बंद करून टाकू. मला ते पटत नाही, पण रविवारी लॅपटॉप उघडते, यादी बघते आणि परत मिटते. सुरुवात कुठून करू?

— एक मेंटेनर, पुणे

तुम्ही ज्या क्रमाने तक्रारी सांगितल्यात, त्याच क्रमाने त्या तुमच्या डोक्यात बसलेल्या दिसतात. जिच्यासाठी रोज फोन येतो ती पहिली, दोन ओळींची नोंद शेवटची. मला विचाराल तर यादी शेवटून वाचायला घ्या.

वाचनालयवाल्यांनी जे कळवलंय ते तुमच्या अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यांत वाईट दुखणं आहे. प्रोग्रॅम बंद पडला तर माणसाला लगेच कळतं. तो वैतागतो, पुन्हा करून बघतो, तुम्हाला फोन लावतो, आणि मूळ फाइल त्याच्याकडे शाबूत असते. पण सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र झाला, लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य झाले, तर तुमचा प्रोग्रॅम ‘रूपांतर पूर्ण’ असं सांगून मोकळा होतो. चारशे पानं अक्षर न् अक्षर कोण ताडून बघतंय? मजकूर छापला जातो, संकेतस्थळावर चढतो, आणि जुनी फाइल ‘आता काय करायचीय’ म्हणून पुसली जाते. चूक सापडेल तेव्हा मूळ मजकूर कुणाकडेच उरलेला नसेल.

हे माझं एकटीचं मत नाही. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या डेबियन या वितरणाने बगच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांच्या, गांभीर्याच्या सात पायऱ्या नेमक्या शब्दांत लिहून ठेवल्यात: क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट. पहिल्या तीन पायऱ्यांवरच्या बगला रिलीज-क्रिटिकल म्हणतात आणि त्यांचा काहीतरी निकाल लावल्याशिवाय डेबियनची नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. यातल्या सगळ्यांत वरच्या दोन पायऱ्यांच्या व्याख्या वाचल्यात तर माणसाचा डेटा जाणं तिथे नावानिशी लिहिलेलं दिसेल. कितीदा विचारणा झाली, कोण किती रागावलंय, याला त्या व्याख्यांमध्ये कुठेच जागा नाही.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, तरी पहिला संशय कुठे घ्यावा ते सांगता येईल. ‘वाऱ्या’तला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. हे जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नाही, कागदावर जागा घेत नाही, त्यामुळे मजकूर ‘स्वच्छ’ करणारी फंक्शन्स त्याला कचरा समजून झाडून टाकतात. ते गेलं की उरतो साधा र आणि हलन्त, म्हणजे पुढच्या अक्षरावर रफार. तुमच्याकडे रूपांतरानंतर सफाईची अशी एखादी पायरी असेल तर आधी तिथे बघा. नोंदीत ‘काही ठिकाणी’ असं म्हटलंय तेही महत्त्वाचं आहे. जुन्या फॉन्टची अक्षरं युनिकोडशी जुळवणाऱ्या तक्त्यातच चूक असती तर बहुधा प्रत्येक ‘दऱ्या’ बिघडला असता.

दुरुस्ती चार-सहा ओळींची निघेल. काम तेवढ्यावर भागणार नाही. रिलीजच्या नोंदींत सगळ्यांत वर लिहा की कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत केलेल्या रूपांतरात ही चूक असू शकते, आणि मूळ फायली पुसू नका. जमलं तर आधीच रूपांतरित झालेला मजकूर तपासणारी छोटी स्क्रिप्टही द्या. ‘वार्याने’ असा शब्द मराठीत नाही, तेव्हा तो यंत्राला पकडता येईल. ‘दर्या’ आणि ‘आचार्यांना’ हे मात्र खरे शब्द आहेत. तिथे स्क्रिप्टने फक्त यादी काढून द्यायची, निवाडा वाचणाऱ्याने करायचा. आणि त्या वाचनालयवाल्यांना उत्तर लिहा, उशिराबद्दल एक वाक्य टाका आणि नमुन्याच्या पाच-सहा फायली मागा. रूपांतरित मजकूर खरोखर वाचणारा माणूस तुम्हाला फुकट मिळालाय. त्याला धरून ठेवा.

आता बाकीच्या यादीकडे वळू. प्रत्येक तक्रारीला दोन वेगळे प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. हे घडलं तर नुकसान किती? आणि आम्ही हे कधी हातात घेणार? फायरफॉक्सवाल्या मोझिलाने १९९८ मध्ये बगझिला हे तक्रारी नोंदवण्याचं साधन खुलं केलं. त्यात या दोन गोष्टींचे रकाने वेगवेगळे असतात, सिव्हिरिटी (गांभीर्य) आणि प्रायॉरिटी (अग्रक्रम). पहिल्याचं उत्तर बगमध्येच असतं. दुसऱ्याचं उत्तर तुमचा वेळ, तुमचं कौशल्य आणि दुरुस्तीतला धोका यांवर अवलंबून असतं, म्हणून ते फक्त तुम्ही दोघांनी द्यायचं. समजा, तुमच्या डाउनलोडच्या बटणावर शुद्धलेखनाची चूक आहे. नुकसान काहीच नाही. पण मराठी मजकूर हाताळणाऱ्या साधनाच्या दारातच अशुद्ध मराठी, आणि दुरुस्ती पाच मिनिटांची, मग ती आजच करून टाका. याउलट एखाद्याच्या फार जुन्या विंडोजवर प्रोग्रॅम उघडतच नाही. त्या माणसापुरतं नुकसान पूर्ण आहे, पण तसं यंत्र तुमच्याजवळ नाही आणि दुसऱ्या कुणाचीही तशी तक्रार नाही. ही नोंद गंभीर असूनही मागे राहील. ‘गंभीर, पण आमच्याकडे तपासायला यंत्र नाही, कुणी मदत केल्यास घेऊ’ असं लिहून तिला मागे ठेवण्यात काहीही गैर नाही. तक्रार करणाऱ्याला ‘तातडीचं’ हे लेबल स्वतः लावू देऊ नका एवढं मात्र बघा. ज्याचं काम अडलंय त्याला स्वतःचं काम तातडीचंच वाटणार.

वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुराची तक्रार मी दुसऱ्या क्रमांकावर घेईन, आणि त्याचं कारण तुमच्या वाक्यातच आहे: ‘मागच्या रिलीजपासून’. कालपर्यंत चालणारी गोष्ट आज तुमच्या हातून मोडली, म्हणजे हे रिग्रेशन आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, तिचे जनक लिनस टॉरवाल्ड्स याबाबत फार कडक आहेत. जुन्या कर्नलवर चालणारा वापरकर्त्यांचा प्रोग्रॅम नव्यावर बंद पडता कामा नये, मग कर्नलमधला बदल तांत्रिकदृष्ट्या कितीही शहाणा असो. लोकांनी जुन्या वागणुकीवर आपली कामाची पद्धत बसवलेली असते, हे एक कारण. दुसरं कारण तुमच्या सोयीचं आहे: गुन्हेगार दोन रिलीजच्या मधल्या कमिटांमध्येच (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांमध्येच) कुठेतरी लपलेला असतो. मध्ये शंभर कमिट असले तरी गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातल्या बायसेक्टने अर्धे-अर्धे करत गेलात तर सातएक चाचण्यांत नेमका कमिट हाती लागतो.

लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस संचाच्या लोकांनी तर याच्याही पुढची युक्ती केलीय. त्यांनी वेळोवेळच्या तयार, चालू आवृत्त्याच गिटमध्ये साठवून ठेवल्या आणि त्या पद्धतीला बिबायसेक्ट असं नाव दिलं. त्यामुळे ज्याला कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवता (कंपाइल करता) येत नाही असा स्वयंसेवकही बग नेमका केव्हा शिरला ते शोधून देतो. तुम्हाला एवढा खटाटोप नको. जुन्या रिलीज डाउनलोडला ठेवा आणि तक्रार करणाऱ्याला विचारा, ‘याच्या आधीची आवृत्ती टाकून बघता का?’ डीटीपीवाल्याला हे सहज जमतं. आणि एका रविवारात दुरुस्ती जमली नाही तर तो बदल सरळ मागे घ्या आणि छोटी रिलीज काढा. त्या बदलाने जे काही सुधारायचं होतं ते महिनाभर थांबेल.

आता ते रोज फोन करणारे गृहस्थ. त्यांचा बग खरा आहे आणि त्यांची घाईही खरी आहे. पण त्यांना आजच्या आज वाट काढून देता येते: फाइलचे पन्नास-पन्नास पानांचे तुकडे करा, एकेक टाका, शेवटी जोडा. कटकटीचं काम आहे, पण अंक निघतो. अशी पळवाट असलेला बग एक पायरी खाली उतरतो. हे त्यांना सांगा, आणि त्याच वेळी बंद पडणारी फाइल, विंडोजची आवृत्ती आणि यंत्राची मेमरी या तीन गोष्टी मागून घ्या. त्यांशिवाय तुम्ही दोघं अंधारात चाचपडत राहाल. (बहुधा तुम्ही पूर्ण फाइल एकदम मेमरीत ओढत असाल. तो बदल मोठा असतो आणि घाईत करायचा नसतो.)

त्यांच्या फोनमधून एक उपयोगी गोष्ट मात्र उचला. तुमच्या वापरकर्त्यांचं पंचांग तुम्हाला माहीत आहे, जे कित्येक मोठ्या प्रकल्पांच्या नशिबी नसतं. गणपती ते दिवाळी हा छापखान्यांच्या धावपळीचा काळ. त्या दिवसांत रूपांतराच्या गाभ्याला हात लावणारी रिलीज काढू नका, फक्त दुरुस्त्या द्या. मोठे बदल दिवाळीनंतर करा.

डार्क मोडबद्दल फार लिहीत नाही. अंगठे मोजले की कळतं ते इतकंच, की त्या पानावर येऊन अंगठा दाबण्याची सवय असलेली माणसं किती आहेत. वाचनालयातले गृहस्थ अंगठा दाबत नाहीत, साप्ताहिकाचे संपादकही नाहीत. मागणीला ‘विशलिस्ट’ हे लेबल लावा, ‘कोड पाठवल्यास तपासून घेऊ’ असं लिहा आणि पुढे चला. मोठ्या इच्छा कामाच्या यादीत ठेवल्या की काय होतं याचा एक गमतीदार नमुना उबुंटू या लिनक्स वितरणाकडे आहे. त्यांच्या यादीतला पहिल्या क्रमांकाचा बग २००४ मध्ये खुद्द संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नोंदवला होता: बाजारात मायक्रोसॉफ्टचा हिस्सा सर्वांत मोठा आहे. तो बंद झाला २०१३ मध्ये, तोही कुणी पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवून नव्हे, तर मधल्या काळात फोन आणि टॅबलेटने जगच बदललं म्हणून. घोषणा म्हणून छान, पण रविवारी सकाळी हातात घ्यायचं काम म्हणून निरुपयोगी.

सहा पानी सुरक्षा रिपोर्टला घाबरू नका आणि न वाचता फेकूही नका. असे लांबलचक, भारदस्त, यंत्राकडून लिहून घेतलेले आणि आत काहीच नसलेले रिपोर्ट सध्या सगळीकडे येतायत. कर्ल या इंटरनेटवरून फायली आणणाऱ्या खुल्या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी याविषयी जाहीरपणे आणि बऱ्याच वैतागाने लिहिलंय. गंमत अशी की त्याच कर्लला २०२५ मध्ये एआयच्या साधनांनी शोधलेले खरे बगही मिळाले, आणि त्यांचं स्टेनबर्ग यांनी कौतुकच केलं. तेव्हा रिपोर्ट कुणी लिहिला याने निकाल लागत नाही. एकच ओळ परत पाठवा: ‘कोणत्या आवृत्तीवर, कोणती फाइल दिली की काय घडतं, ती फाइल जोडा.’ खरा माणूस फाइल पाठवतो. आणखी सहा पानं आली तर नम्रपणे बंद करा. तुमचा कन्व्हर्टर जर फक्त वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर, त्याच्या स्वतःच्या फायलींवर चालत असेल तर धोक्याचा आवाका मुळातच लहान आहे. पण तुम्ही तो सर्व्हरवर ठेवला असेल आणि लोक तिथे आपली हस्तलिखितं चढवत असतील तर मी हा रिपोर्ट त्याच दिवशी तपासेन. अशा तक्रारींसाठी एक खासगी ईमेल पत्ताही ठेवा. खरी त्रुटी असेल तर तिची चर्चा दुरुस्तीआधी चारचौघांत व्हायला नको.

तुमच्या मित्राचं म्हणणं मला अर्धं पटतं. दोनशे नोंदींची यादी कुणी वाचत नाही, आणि न वाचली जाणारी यादी नसल्यातच जमा. पण वय बघून बंद करणं ही चुकीची चाळणी आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर यासाठी एक तयार ॲक्शन (आपोआप चालणारं काम) मिळते. तिचं मूळ सेटिंग असं, की साठ दिवस हालचाल नसली की नोंद शिळी ठरते आणि पुढच्या सात दिवसांत कुणी बोललं नाही तर बंद होते. हे तुम्ही चालू केलं असतं तर सगळ्यांत आधी बळी गेला असता त्या ‘दऱ्या’वाल्या नोंदीचा. ‘सवडीने बघावं’ म्हणणारा माणूस साठ दिवसांनी येऊन भांडत नाही.

बंद करा, पण कारण लिहून करा. त्याच त्याच तक्रारी असतील तर त्या एकीत जोडा आणि सगळ्यांचे नमुने तिथे गोळा करा. ज्यांच्यात माहितीच अपुरी आहे त्यांना एकदाच विचारा, मुदत सांगा, उत्तर नाही आलं तर बंद. डेबियनमध्ये यासाठी ‘मोअरइन्फो’ (आणखी माहिती हवी) हा टॅग आहे. जे करायचं नाही असं तुम्ही ठरवलंय त्यांवर तसं स्पष्ट लिहा. डेबियनमध्ये अशा बगवर ‘वोन्टफिक्स’ (दुरुस्त करणार नाही) लावून तो कित्येकदा उघडाच ठेवतात, म्हणजे दुसरा कुणी तीच तक्रार नव्याने घेऊन येत नाही. आणि काही तक्रारी तुमच्या नाहीतच. ‘रूपांतरानंतर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात’ अशी एखादी तरी नोंद तुमच्याकडे नक्की असेल. ही अक्षरं युनिकोडमध्ये दोन्ही भाषांसाठी एकच आहेत, त्यांचं मराठी वळण फॉन्टमध्ये असावं लागतं आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असावी लागते. हे एकदा नीट लिहून ठेवा, दुवा द्या, बंद करा. एवढं केलंत तर कोडची एकही ओळ न बदलता यादी बरीच उतरेल.

हे सगळं एका बैठकीत करू नका. रविवारचे दोन तास ठरवा. पहिल्या अर्ध्या तासात आठवड्याच्या नव्या नोंदी चाळून त्यांना लेबल लावायचं, पुढचा अर्धा तास जुन्यांमधल्या दहा, आणि उरलेल्या तासात एकच बग. लेबलंही चारच पुरेत: मजकूर बिघडतो, पूर्वी चालत होतं, पळवाट आहे, इच्छा. तीस लेबलांचा रंगीबेरंगी संसार मांडणारे प्रकल्प मी पाहिलेत. तिथे लेबलंच सांभाळायला एक माणूस लागतो.

एका गोष्टीबाबत सावध राहा. दमलेल्या मेंटेनरवर दबाव आणणं हा आता हल्ल्याचा मार्ग झालाय. एक्सझेड या लिनक्सवरच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचात) हेच झालं. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी ‘पॅच रखडलेत, प्रकल्प मेलाय, दुसऱ्या कुणाला सांभाळायला घ्या’ असा लकडा एकट्या मेंटेनरमागे लावला. मदतीला आलेल्या एका उत्साही माणसाला हळूहळू अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या आवृत्त्यांमध्ये त्याने मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, बसवलं. ते उघडकीला आलं ते पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे. एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरण्याच्या साधनाने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांनी खोदून काढलं. अर्ध्या सेकंदाची तक्रार तुमच्या यादीत आली असती तर तुम्ही तिला कुठे टाकलं असतं? मदतीला येणाऱ्याला लेबलं लावायचं काम आनंदाने द्या, नमुने तपासायला द्या. रिलीज काढण्याचे अधिकार मात्र कंटाळून देऊ नका.

आणि वेळ कमी आहे हे सांगायला संकोचू नका. लिबएक्सएमएल२ ही एक्सएमएल फायली वाचणारी लायब्ररी किती मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेली आहे, तरी तिच्या स्वयंसेवक मेंटेनरने २०२५ मध्ये जाहीर केलं की सुरक्षेच्या तक्रारींना यापुढे वेगळी वागणूक मिळणार नाही, इतर बगांसारख्याच त्या रांगेत लागतील. त्यावर वाद झाला. मला स्वतःला तो निर्णय पूर्ण पटत नाही, पण तो लपूनछपून घेतला नव्हता, आणि वापरणाऱ्यांना आपण कुठे आहोत हे कळलं. तुमच्या रीडमीतही (प्रकल्पाच्या माहितीपानावरही) एक परिच्छेद असू द्या: आम्ही दोघं आहोत, रविवारी बघतो, मजकूर बिघडवणाऱ्या चुका आधी घेतो, पळवाट असलेल्या नंतर.

दिवाळी अंकवाल्यांना आज संध्याकाळीच लिहा. मजकूर असा चालेल: ‘तुमची अडचण खरी आहे आणि आम्ही ती नोंदवली आहे. तोवर फाइलचे पन्नास पानांचे तुकडे करून टाका, अंक अडणार नाही. बंद पडणारी मूळ फाइल पाठवलीत तर दुरुस्तीला मदत होईल. सध्या आम्ही मजकूर बिघडवणारी एक चूक दुरुस्त करतोय, तिचा फटका तुमच्या अंकालाही बसू शकतो, म्हणून छापण्यापूर्वी ‘ऱ्या’ असलेले शब्द एकदा तपासून घ्या. यापुढचं बोलणं कृपया त्या नोंदीखालीच करू, म्हणजे आम्हा दोघांनाही ते दिसेल.’ हे पाठवलंत की तुमचा फोन नंबर प्रकल्पाच्या पानावर असेल तर तो तिथून काढून टाका.